बाण काढला की राशी सदिश होते का?

‘ज्या राशीला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात, ती सदिश राशी.’ शाळेत ही व्याख्या पाठ होते आणि पुढे डिप्लोमा, इंजिनिअरिंगपर्यंत तशीच सोबत राहते. बल हे सदिश राशीचं ठरलेलं उदाहरण. पण याच व्याख्येवर विसंबून एखाद्या विद्यार्थ्यानं पेपरात लिहिलं, ‘विद्युतधारेला परिमाण आहे, दिशाही आहे, म्हणून विद्युतधारा सदिश राशी आहे’, तर त्याला गुण द्यायचे का? प्रश्न वरवर तपासनिसाचा वाटतो. पण त्याच्या मुळाशी गेलं तर बल म्हणजे नेमकं काय, याचाच विचार करावा लागतो. तो विचार इथे दोन शिक्षकांच्या तोंडून मांडला आहे. एक गणिताचे सर, दुसऱ्या विज्ञानाच्या बाई. शाळा एकच, विद्यार्थी तेच. मतं मात्र वेगळी.

सर: बाई, या उत्तराला पूर्ण गुण द्यायला हवेत. व्याख्या आपण दिली, मुलानं ती लावून दाखवली. धारा अँपिअरमध्ये मोजतात, ती तारेतून कुठल्या बाजूला वाहते हे बाणानं दाखवतात. दोन्ही अटी पूर्ण झाल्या. व्याख्या मान्य करायची आणि तिच्यातून निघालेला निष्कर्ष नाकारायचा, हे गणितात चालत नाही.

बाई: गुण जरूर द्या, मुलानं विचार बरोबर केलाय. पण विद्युतधारा अदिश राशी आहे, हेही तितकंच खरं. मग चूक कुठे आहे? आपल्या व्याख्येत आहे. ती अर्धीच आहे, आणि जो भाग गळलाय तोच महत्त्वाचा आहे.

सर: कोणता भाग?

बाई: बेरजेचा. समजा, दोन तारा एका ठिकाणी येऊन मिळतात. एकीतून 3 अँपिअर येतात, दुसरीतून 4 अँपिअर. तिथून पुढे जाणाऱ्या तिसऱ्या तारेत किती धारा असेल?

सर: 7 अँपिअर.

बाई: त्या दोन तारांमधला कोन तुम्ही विचारला नाहीत.

सर: कोनाचा काय संबंध? जेवढा विद्युतप्रभार आला तेवढाच पुढे जाणार.

बाई: हेच मला म्हणायचंय. तारा काटकोनात मिळोत, समोरासमोरून येवोत, उत्तर 7 अँपिअरच. धारेचा बाण ‘तारेत या बाजूला’ एवढंच सांगतो. आता एका कडीला 3 न्यूटन आणि 4 न्यूटन अशी दोन बलं लावा. दोन्ही एकाच दिशेनं असतील तर परिणामी बल 7 न्यूटन. विरुद्ध दिशांनी असतील तर 1 न्यूटन. काटकोनात असतील तर 5 न्यूटन. मधल्या कोनांना 1 ते 7 मधली कोणतीही किंमत येऊ शकते. दिशा इथे बेरजेत शिरते. बलाला दिशा आहे एवढ्यावर ते सदिश ठरत नाही. दोन बलांचे बाण एका बिंदूपासून काढून समांतरभुज चौकोन पुरा केला, की त्याचा कर्ण परिणामी बल देतो. या नियमानं बलांची बेरीज होते, म्हणून बल सदिश.

सर: ठीक आहे. मग व्याख्या सुधारू. परिमाण, दिशा आणि समांतरभुज नियमानं होणारी बेरीज, या तीन अटी पाळणारी राशी सदिश. आता विद्युतधारा बाहेर पडली. वाद मिटला.

बाई: व्याख्येपुरता मिटला. पण बल या व्याख्येत बसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

सर: कुणी सांगायला कशाला हवं? बलाला परिमाण आहे, दिशा आहे, बाणानं ते दाखवता येतं. बाणांची बेरीज कशी करायची हे भूमितीनं ठरवलेलं आहे.

बाई: बाणानं तर वस्तू फिरवणंही दाखवता येतं. हे पुस्तक घ्या. किती अंशांत फिरवलं हे परिमाण, कोणत्या अक्षाभोवती फिरवलं ही दिशा. टेबलावर ठेवून आधी उभ्या अक्षाभोवती 90 अंश फिरवा, मग पूर्व-पश्चिम अक्षाभोवती 90 अंश फिरवा. पुस्तक कसं राहिलं ते लक्षात ठेवा. आता पहिल्यासारखं ठेवून याच दोन कृती उलट क्रमानं करा.

सर: वेगळ्याच स्थितीत आलं.

बाई: समांतरभुज नियमात मात्र आधी कुठला बाण आणि नंतर कुठला, यानं फरक पडत नाही. म्हणजे फिरवण्याला परिमाण आहे, दिशा आहे, बाणही काढता येतो, तरी ते सदिश नाही. फिरवणं अगदी सूक्ष्म असेल तर क्रमाचा फरक नगण्य होतो, म्हणून कोनीय वेग सदिश ठरतो. पण 90 अंशांचं फिरवणं नाही. भूमितीनं सदिशांचे नियम आखून दिलेत, हे मान्य. त्या नियमांत कोण बसतं आणि कोण नाही, हे मात्र निसर्गाला विचारावं लागतं. बल बसतं, ही निसर्गातली वस्तुस्थिती आहे. ती प्रयोगानं कळते.

सर: इथे मी सहमत नाही. प्रयोग न करताही हे सिद्ध होऊ शकतं. एका बिंदूवर तीन समान बलं लावा, एकमेकांशी 120 अंशांचा कोन करून. तो बिंदू कुठे सरकेल?

बाई: कुठेच नाही.

सर: तुम्ही प्रयोग केलात?

बाई: नाही. तिन्ही दिशा सारख्याच आहेत, तो एकीकडेच का सरकेल?

सर: अगदी बरोबर. ही सममिती. आता पुढचं पाऊल. तीन बलांचं संतुलन आहे, म्हणजे कोणत्याही दोघांचा एकत्र परिणाम तिसऱ्याच्या बरोबर विरुद्ध आणि तेवढाच असला पाहिजे. म्हणजे 120 अंशांच्या कोनात असलेल्या दोन समान बलांचं परिणामी बल त्यांच्यापैकी एकाइतकंच, आणि बरोबर मधल्या दिशेनं. समांतरभुज चौकोन काढून पाहा, हेच उत्तर येतं. फळ्यावर बसल्याबसल्या, एकही वजन न टांगता. डॅनियल बर्नुली 1726 मध्ये याच वाटेनं गेला. बलांचा नियम भूमितीसारखाच अटळ आहे, तो केवळ अनुभवावर उभा नाही, हे दाखवायचा त्याचा प्रयत्न होता. त्याच्यानंतरही मोठमोठ्या गणितींनी तशा सिद्धता दिल्या.

बाई: युक्तिवाद सुंदर आहे, मी तो वर्गात नक्की सांगेन. पण त्यात तुम्ही तीन गोष्टी न बोलता गृहीत धरल्यात. एक, अवकाशाच्या सगळ्या दिशा सारख्या आहेत. दोन, दोन बलांच्या जागी त्यांचं काम करणारं एकच बल ठेवता येतं. तीन, एका बलाच्या असण्यानं दुसरं बदलत नाही, प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करतं. यातली कुठली गोष्ट भूमितीनं सिद्ध झाली आहे?

सर: ही गृहीतकं कुणीही मान्य करील.

बाई: आपण मान्य करतो, कारण लहानपणापासून ढकलताना, ओढताना, उचलताना तोच अनुभव येतो. पण तिसरं गृहीतक सगळीकडे जसंच्या तसं चालत नाही. अणुकेंद्रातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या बाबतीत नुसती दोघादोघांमधली बलं मिळवून हिशेब पुरता जुळत नाही. तिसऱ्याच्या उपस्थितीमुळे येणारं जादा बलही धरावं लागतं. म्हणजे एकाच्या असण्याचा दुसऱ्यावर परिणाम होतो की नाही, हे आधी ठरलेलं नसतं, तपासावं लागतं. तुमची सिद्धता खरी आहे, पण ती निसर्गाबद्दलच्या एका विधानातून दुसरं विधान काढते.

सर: हे मान्य करावं लागेल. गृहीतकाशिवाय सिद्धता नसते, हे गणितच शिकवतं. पण मग इतिहास माझ्या बाजूनं नाही का? हा नियम प्रयोगशाळेत मोजमापं घेऊन सापडलेला नाही. सायमन स्टेव्हिननं 1586 मध्ये उतारावरच्या वजनाचा नियम काढला तो विचारानं. एक त्रिकोणी ठोकळा, ज्याची एक उतरती बाजू दुसरीच्या दुप्पट लांब. त्यावर समान अंतरांवर 14 गोळे ओवलेली बंद माळ टाकली. लांब बाजूवर 4 गोळे, आखूड बाजूवर 2, उरलेले 8 खाली लोंबकळत. लांब बाजूवर गोळे जास्त आहेत म्हणून माळ त्या बाजूला घसरायला लागेल का? घसरली तरी एका गोळ्याच्या जागी दुसरा येईल आणि चित्र तेच राहील, म्हणजे माळ कायमची फिरत राहील. ते अशक्य, म्हणून माळ स्थिर. खालचा लोंबता भाग दोन्ही बाजूंना सारखाच ओढतो, तो काढून टाकला तरी चालेल. म्हणजे लांब उतारावरचे 4 गोळे आखूड उतारावरच्या 2 गोळ्यांना तोलून धरतात. उतार जितका लांब, तितकं उताराच्या दिशेचं बल कमी.

बाई: आणि ‘ते अशक्य’ हे कुठून आलं? आपोआप कायम फिरणारं यंत्र कुणालाच कधी बनवता आलं नाही, या अनुभवातून. स्टेव्हिननं मोजमाप केलं नाही, पण निसर्गाचा एक पक्का अनुभव हाताशी धरूनच तो पुढे गेला. न्यूटनचंही तसंच. 1687 च्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचे नियम मांडल्यावर पहिलाच उपसिद्धांत हा आहे, की एकेका बलानं वस्तू ठरावीक वेळात समांतरभुज चौकोनाच्या एकेका बाजूवरून गेली असती, तर दोन्ही बलं एकदम लागल्यावर ती तेवढ्याच वेळात कर्णावरून जाते. हे तो गतीच्या नियमांतून काढतो, आणि ते नियम निसर्गाचे आहेत. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पिएर व्हॅरिन्यों आणि बर्नार लामी यांनीही हाच नियम मांडला. डिप्लोमाची मुलं तीन बलांच्या संतुलनासाठी ‘लामीचं प्रमेय’ वापरतात, तोच हा लामी. आणि गंमत बघा, यांच्यापैकी कुणाच्याही हातात आजच्या अर्थानं ‘सदिश’ नव्हता. आयर्लंडच्या हॅमिल्टननं 1843 मध्ये चतुष्टयांचं (क्वाटर्नियनचं) बीजगणित शोधलं, त्याच कामातून अदिश-सदिश ही नावं आली. आज आपण वापरतो ती सदिशांची पद्धत अमेरिकेत गिब्ज आणि इंग्लंडमध्ये हेविसाइड यांनी 1880 नंतर घडवली. नियम आधी, नाव दीडशेहून अधिक वर्षांनी. आपण वर्गात बरोबर उलटं करतो. आधी नाव देतो, आणि नियमापर्यंत कित्येकदा पोचतच नाही.

सर: नावाला कमी लेखू नका. मॅक्सवेलनं 1865 मध्ये विद्युतचुंबकीय क्षेत्राची समीकरणं लिहिली ती 20 होती. हेविसाइडनं सदिशांच्या भाषेत त्यातला गाभा 4 समीकरणांत आणला. विस्थापन, वेग, बल, विद्युतक्षेत्र, सगळ्यांना एकच बीजगणित लागू पडतं, हे नाव दिल्यामुळेच दिसलं. आणि गणितानं आणखी एक खोल गोष्ट दाखवली. 10 न्यूटनचं एक बल घ्या. एका अक्षजोडीवर त्याचे घटक 6 आणि 8 येतात. अक्ष फिरवून एक अक्ष बलाच्याच दिशेला आणला तर तेच घटक 10 आणि 0 होतात. आकडे बदलले, बल बदललं नाही. अक्ष फिरवल्यावर घटक ठरलेल्या रीतीनं बदलतात, ही सदिशाची खरी ओळख.

बाई: हे मला फार आवडतं. अक्ष आपण काढतो, बल आपण काढत नाही. उतारावरच्या ठोकळ्याचं वजन उताराला समांतर आणि लंब अशा दोन भागांत ‘फोडायचं’ म्हटलं, की मुलांना वाटतं आणखी दोन बलं आली, आणि ती वजन अधिक दोन घटक असा हिशेब मांडतात. बल एकच आहे, आपण त्याकडे दोन दिशांनी पाहतोय, हे सांगायला तुमची ही मांडणी उपयोगी पडेल.

सर: मग प्रयोगाचा एवढा आग्रह का? शाळेतल्या कप्पीला घर्षण असतं, कोन मोजताना दोन-तीन अंश इकडेतिकडे होतात. अशा मोजमापानं नियम सिद्ध झाला असं मुलांना सांगायचं?

बाई: सिद्ध झाला असं नाही सांगायचं. नियम कसोटीला उतरला, असं सांगायचं. फळ्याच्या वरच्या कडेला दोन कप्प्या बसवा. दोरा त्यांवरून घेऊन एका टोकाला 300 ग्रॅम, दुसऱ्या टोकाला 400 ग्रॅम बांधा. मध्ये गाठ मारून तिथे 500 ग्रॅम टांगा आणि सोडून द्या. गाठ थोडी हलते, मग एका जागी थांबते. गाठीपाशी दोन दोऱ्यांमध्ये गुण्या धरून बघा, काटकोन होतो. कुणी आखून दिलेला नसतो.

सर: तीन, चार, पाच. पायथागोरस.

बाई: मुलं आपणहून ओरडतात ते. आता तिन्ही वजनं समान करा. कोन 120 अंशांचे होतात, तुमच्या सममितीनं सांगितलेले. मग पुन्हा 300 आणि 400 लावून मध्ये 800 ग्रॅम टांगा. गाठ थांबतच नाही, खाली जात राहते आणि दोन्ही बाजूंची वजनं कप्पीपर्यंत वर चढतात. 300 आणि 400 मिळून 700 पेक्षा जास्त देऊच शकत नाहीत. घर्षणामुळे कोन थोडे चुकतील, पण चांगल्या कप्प्या घेतल्या की चूक कमी होते. नियम चुकीचा असता तर कप्पी बदलून चूक कमी झाली नसती. हा फरकही मुलांना शिकवण्यासारखा आहे.

सर: हा प्रयोग मीसुद्धा गणिताच्या तासाला घेईन. पण वर्गाबाहेर याचं महत्त्व काय, हे मुलं विचारतील.

बाई: क्रेननं माल उचलतात ते त्यांनी पाहिलेलं असतं. 1000 किलोची वस्तू एका हुकाला दोन स्लिंगनी, म्हणजे माल टांगायच्या दोरांनी, टांगली आहे. प्रत्येक स्लिंगवर ताण किती?

सर: दोन्ही उभ्या असतील तर प्रत्येकी 500 किलोचा.

बाई: आणि तिरप्या असतील तर? प्रत्येक स्लिंगनं आडव्याशी केलेला कोन 60 अंश असेल तर ताण सुमारे 577 किलोचा. 45 अंशांना 707. 30 अंशांना 1000, म्हणजे एकेका स्लिंगवर सगळ्या वस्तूच्या वजनाएवढा. 15 अंशांना सुमारे 1930. दोन स्लिंग आहेत म्हणून निम्मं-निम्मं वजन वाटलं जाईल, असं ज्याला वाटतं तो बलाला अदिश समजतो. स्लिंग आखूड घेतली की कोन कमी होतो आणि ताण वाढतो. 600 किलोची स्लिंग 500 किलोला पुरेल म्हणून लावली, तर ती तुटू शकते. खाली माणसं उभी असतात. प्रत्येक स्लिंग निम्मं वजन वर पेलते हे खरं, पण तिरपी स्लिंग आडवीही ओढते. दोघींच्या आडव्या ओढी एकमेकींना तोलतात, म्हणून दिसत नाहीत. दोरावर मात्र त्यांचा भार असतोच.

सर: हे उदाहरण ऐकल्यावर घटक म्हणजे नुसती परीक्षेतली कसरत आहे, असं कुणी म्हणणार नाही. पण बाई, तुमच्या ‘बल सदिश आहे’ या विधानातही एक उणीव आहे. दार उघडायला 10 न्यूटनचं बल कडीपाशी लावा, किंवा तेवढंच, त्याच दिशेनं बिजागरीजवळ लावा. सदिश म्हणून दोन्ही बलं समान. दार मात्र एकदा सहज उघडतं, एकदा जागचं हलत नाही.

बाई: बरोबर पकडलंत. बल कुठे लावलं हेही सांगावं लागतं. घन वस्तूवरचं बल त्याच्या रेषेवर पुढे-मागे सरकवलं तरी वस्तूच्या एकूण गतीवर परिणाम तोच राहतो. रेषा सोडून बाजूला नेलं तर वस्तू फिरवण्याची त्याची क्षमता, म्हणजे टॉर्क, बदलतो. बिंदुरूप कणासाठी सदिश पुरेसा. दार, चाक, पाना यांच्यासाठी सदिश आणि त्याची जागा, दोन्ही हवं.

सर: म्हणजे व्याख्येत सगळं निसर्गचित्र मावत नाही, आणि नुसत्या प्रयोगानं त्याची रचना कळत नाही. वर्गात मी सममितीपासून सुरुवात करीन आणि मग तुमच्या गाठीकडे येईन.

बाई: मी गाठीपासून सुरुवात करीन आणि मग तुमच्या सममितीकडे. मुलांना दोन्ही वाटा कळू देत.

दोघांचा वाद इथे थांबतो, तरी माझं मत सांगायला हवं. बलाचं सदिश असणं ही भाषेची सोय नाही, तो निसर्गाचा नियम आहे. सरांची सममिती नियमाचा आकार दाखवते, पण तिची गृहीतकंही शेवटी अनुभवातूनच येतात. म्हणून शेवटचा शब्द बाईंच्या गाठीचा. ‘परिमाण आणि दिशा’ एवढंच शिकवून आपण विद्यार्थ्यांना बाण काढायला लावतो आणि बेरजेचा नियम मागे ठेवतो. परिणामी मुलं sin आणि cos ची सूत्रं घोकतात, पण स्लिंगवर निम्माच ताण येईल असं समजतात.

नववीला विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला म्हणून विनंती आहे: व्याख्येत ‘आणि जिची बेरीज समांतरभुज नियमानं होते’ हे शब्द वाढवा, आणि व्याख्या सांगण्याआधी एक तास त्या गाठीसाठी द्या. दोन कप्प्या, दोरा, काही वजनं आणि एक गुण्या, एवढंच साहित्य लागतं. बल सदिश का आहे, हे मुलांनी आधी डोळ्यांनी पाहावं आणि मग वहीत लिहावं.